समुद्रात मीठ नसतं

होळीच्या आगेमागे पेण-उरणकडच्या एखाद्या मिठागराच्या बांधावर उभं राहिलं, की ऊन खालून आणि वरून असं दोन्हीकडून लागतं. समोर उथळ पाण्याचे चौकोन. काहींत नुसतं पाणी, काहींत दुधावर साय धरावी तशी पांढरी खपली, आणि बांधावर मिठाचे ढीग. मीठ कुठून आलं असं विचारलं, तर शाळकरी पोरही सांगेल की समुद्रात मीठ विरघळलेलं असतं, पाण्याची वाफ झाली की ते खाली उरतं. मीही वर्गात कितीतरी वर्षं हेच सांगत आलो. पण हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि आयन म्हणजे काय हे समजून घेण्याचा रस्ता नेमका त्याच्या न सांगितलेल्या अर्ध्या भागातून जातो.

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांचं पृथक्करण केलं तर क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास, अशी यादी हाती येते. या यादीत मीठ कुठेच नाही. आपण म्हणू, सोडियम आहे आणि क्लोराइड आहे, म्हणजे मीठ आलंच की. मग हिशेब करून पाहू. १०.८ ग्रॅम सोडियमचं मीठ व्हायला १६.६ ग्रॅम क्लोराइड पुरतं. पाण्यात आहे १९ ग्रॅम. वरचं अडीच ग्रॅमच्या घरातलं क्लोराइड कुणाचं? मॅग्नेशियमचं म्हणावं तर कुठलं क्लोराइड सोडियमचं आणि कुठलं मॅग्नेशियमचं, हे ठरवायचं कसं? ठरवता येत नाही. पाण्यात फिरणाऱ्या क्लोराइडवर कुणाचाही शिक्का नसतो. ते त्या घटकेला ज्याच्या शेजारी असेल त्याचं, आणि पुढच्या घटकेला दुसऱ्याचं.

म्हणून मी म्हणतो की समुद्रात मीठ नसतं. समुद्रात आयन असतात. मीठ घडतं ते वाफ्यात. ऊन आणि वारा पाणी आटवत जातात, तसे सुरुवातीला कॅल्शियमचे क्षार बाहेर पडतात, आधी थोडा कार्बोनेट आणि मग सल्फेट, म्हणजे जिप्सम. मूळ पाणी आटून दहाव्या हिश्शाच्या आसपास आलं, की सोडियम आणि क्लोराइड एकत्र येऊन खडे धरू लागतात. तेवढ्यात मीठ ओढून घ्यावं लागतं आणि खाली राहिलेलं दाट, कडू पाणी वेगळं सोडून द्यावं लागतं, कारण मॅग्नेशियम सगळं त्यात साठलेलं असतं. कोणत्या आयनांना कोणत्या वेळी एकमेकांना भेटू द्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं, हे मिठागरातला माणूस पाण्याच्या दाटपणावरून आणि चवीवरून ओळखतो. रसायनशास्त्रात ज्याला अंशात्मक स्फटिकीकरण म्हणतात, ते कोकणच्या खाजणांत पिढ्यान् पिढ्या चाललेलं आहे.

आता आयन म्हणजे काय ते पाहू.

सोडियमच्या अणूत केंद्रकात ११ प्रोटॉन आणि बाहेर ११ इलेक्ट्रॉन. धन आणि ऋण सारखे, म्हणून अणू एकंदरीत उदासीन. हे ११ इलेक्ट्रॉन कवचांत बसतात ते २, ८, १ असे. शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब आहे, आणि आतल्या दहांच्या आडोशामुळे केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत क्षीण होऊन पोचते. तो निघून गेला तर ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन उरतात. हा झाला सोडियमचा धन आयन. क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे बसतात. बाहेरच्या कवचात एक जागा रिकामी असते. तिथे एक इलेक्ट्रॉन येऊन बसला की १७ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन होतात, आणि मिळतो क्लोराइड हा ऋण आयन. इलेक्ट्रॉनांची संख्या प्रोटॉनांच्या संख्येशी जुळेनाशी झालेला अणू किंवा अणूंचा गट म्हणजे आयन. व्याख्या एवढीच आहे.

व्याख्या छोटी असली तरी फरक प्रचंड पडतो. सोडियम हा सुरीनं कापता येईल इतका मऊ धातू. पाण्यात टाकला तर तडतडून पेट घेतो, म्हणून प्रयोगशाळेत तो केरोसीनमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू. आणि हेच दोघे आयन होऊन आपल्या आमटीत असतात. सोडियमच्या आयनात सोडियमचं केंद्रक आहे, पण त्याच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी आता निऑन या राजवायूसारखी आहे. पाण्याशी भांडण करणारा तो एकटा इलेक्ट्रॉनच तिथे नाही. अणू आणि त्याचा आयन यांना एकाच नावानं हाक मारायची सवय आपल्याला आहे, म्हणून ‘केळ्यात पोटॅशियम असतं’ हे वाक्य ऐकून मुलं बुचकळ्यात पडतात. केळ्यात असतो तो पोटॅशियमचा आयन. धातू नव्हे.

इथवर सगळं शाळेत होतं. पुढे मात्र एक गोष्ट सांगितली जाते, आणि मला तिच्याविषयी मनापासून तक्रार आहे. सोडियमला इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरीनला हवा असतो, एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला, दोघे सुखी झाले आणि बंध तयार झाला. फळ्यावर एका वर्तुळातून दुसऱ्या वर्तुळाकडे बाण काढला की पाठ संपला. ही गोष्ट दोन ठिकाणी चुकते.

पहिली चूक हिशेबाची. सोडियमच्या अणूतून तो शेवटचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला ऊर्जा घालावी लागते. एका मोलमागे, म्हणजे जेवढ्या अणूंपासून साधारण ५८ ग्रॅम मीठ होईल तेवढ्यांसाठी, ४९६ किलोज्यूल. फुकट देण्याची ही लक्षणं नाहीत. क्लोरीननं इलेक्ट्रॉन घेतला की ऊर्जा परत मिळते, पण ती ३४९ किलोज्यूलच. म्हणजे नुसत्या देवघेवीत १४७ किलोज्यूलची तूट आली. शिवाय सोडियम घन धातूतून सुटा करायला १०७ आणि क्लोरीनच्या रेणूतली जोडी फोडायला सुमारे १२१ किलोज्यूल वेगळे लागतातच. गोष्ट इथेच संपली असती तर मीठ कधी झालंच नसतं.

ही तूट भरून निघते ती पुढच्या पायरीवर. धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येतात, आणि एकट्यादुकट्यानं नाही तर थव्यानं येऊन जालकात, म्हणजे आयनांच्या सलग जाळीदार रचनेत, बसतात, तेव्हा मोलमागे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. आधीचा सगळा खर्च वजा केला तरी ४११ च्या आसपास शिल्लक राहते. सोडियम क्लोरीनमध्ये पिवळ्याधमक ज्योतीनं जळतो तेव्हा आपल्याला दिसते आणि जाणवते ती हीच शिल्लक. बंध इलेक्ट्रॉन दिल्याघेतल्यानं होत नाही. त्या व्यवहारातून विजातीय प्रभार तयार होतात, आणि बंध म्हणजे त्या प्रभारांमधलं आकर्षण.

मग सोडियम एकच इलेक्ट्रॉन का सोडतो, दोन का नाही? तेही याच हिशेबात आहे. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातून काढायचा तर ४५६२ किलोज्यूल लागतात, पहिल्याच्या नऊपट. कुठलंही जालक तेवढं परत देऊ शकत नाही. मॅग्नेशियमला मात्र पहिला ७३८ आणि दुसरा १४५१ ला सोडणं परवडतं, कारण दुहेरी प्रभाराचं आकर्षण खूपच जास्त असतं. तिसऱ्याला ७७३३ लागतात, तिथे तो थांबतो. ‘अष्टक’, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, ‘पूर्ण करायची इच्छा’ हे लक्षात ठेवायला सोयीचं वाक्य आहे, पण अणूला इच्छा नसते.

हा जमाखर्च मांडण्याची रीत १९१९ साली माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांच्या कामातून आली, आणि आजही त्या दोघांच्या नावानं ओळखली जाते. हाबर हे नाव लिहिताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्यानं फ्रेंच फळीवर क्लोरीनचे ढग सोडले, त्या हल्ल्याची आखणी आणि देखरेख याच माणसाची. त्यानंतर चारच वर्षांनी त्याचं नाव क्लोराइडच्या स्थैर्याच्या गणिताशी जोडलं गेलं. एक इलेक्ट्रॉन कमी असलेला तो वायू माणसाच्या फुप्फुसातल्या ओलाव्यावर तुटून पडतो. एक इलेक्ट्रॉन मिळालेला तोच क्लोरीन आपल्या रक्तात, अश्रूंत आणि घामात आयुष्यभर असतो. या दोन अवस्थांमधलं अंतर किती, हे हाबरला आकड्यांत ठाऊक होतं.

आता दुसरी चूक, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. फळ्यावर एक सोडियम आणि एक क्लोरीन काढले, की मुलांच्या मनात जोडी बसते. याचा इलेक्ट्रॉन त्यानं घेतला, म्हणून बंध या दोघांमध्ये. मिठाच्या खड्यात अशा असंख्य जोड्या रचलेल्या आहेत असं चित्र तयार होतं आणि ते पदवीपर्यंत पुसलं जात नाही. ‘मिठाचा रेणू’ हा शब्दप्रयोग तर सर्रास ऐकू येतो. मिठाच्या खड्यात रेणू नसतो.

खड्याच्या आत काय आहे ते १९१३ साली समजलं. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी स्फटिकांवर क्ष-किरण सोडून ते कसे परततात यावरून आतली मांडणी काढली. मिठात त्यांना दिसलं की प्रत्येक सोडियमभोवती सारख्याच अंतरावर सहा क्लोरीन आहेत: उजवा, डावा, पुढचा, मागचा, वरचा, खालचा. आणि प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच सहा सोडियम. अंतर एका मीटरच्या अब्जाव्या भागाच्याही पाव हिश्शाहून थोडं जास्त, ०.२८२ नॅनोमीटर. या सहांपैकी ‘आपला’ कोणता, हे सोडियमला विचारण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रॉन कुठून आला होता याची नोंद कुठेही राहत नाही, आणि आकर्षण सहाही दिशांना सारखं असतं. सहांच्या पलीकडे बारा सोडियम असतात, ते दूर लोटतात. त्यांच्या पलीकडे पुन्हा आठ क्लोराइड, ते ओढतात. ही ओढाताण खड्याच्या कडेपर्यंत चालू राहते आणि तिची बेरीज ओढीच्या बाजूनं झुकते. एकट्या जोडीला जवळ येऊन साडेपाचशे किलोज्यूलच्या आसपास मिळाले असते. पूर्ण जालकात बसल्यावर ७८७ मिळतात. वरची रक्कम समुदायाची आहे.

बारीक मिठाचा एक कण घ्या, पाव मिलिमीटरहून जरासा मोठा. त्याच्या एकाच कडेवर साधारण १० लाख आयन आळीपाळीनं ओळीत उभे असतात. तो सगळा कण हीच एक सलग रचना. सोडियम क्लोराइडच्या सूत्रातलं एकास एक हे फक्त प्रमाण आहे, एखाद्या गावात जितकी घरं तितक्या विहिरी असाव्यात तसं. (मीठ उकळून वाफ केली तर त्या वाफेत मात्र सोडियम आणि क्लोरीनच्या सुट्या जोड्या खरोखरच सापडतात. पण त्यासाठी १४०० अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं.)

लॉरेन्स ब्रॅग यांना १९१५ साली वडिलांसोबत नोबेल मिळालं तेव्हा ते २५ वर्षांचे होते. तरीही ही गोष्ट सगळ्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. १९२७ साली हेन्री आर्मस्ट्राँग या वयोवृद्ध ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं ‘नेचर’मध्ये पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची बाजू घेतली, बुद्धिबळाच्या पटासारखी ही मांडणी त्यांना सर्वस्वी न पटणारी होती. मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. जन्मभर रेणूंच्या भाषेत विचार केलेल्या माणसाला आपल्या ताटातल्या सर्वांत साध्या पदार्थात रेणूच नाही हे ऐकून धक्का बसणारच, आणि त्यांनी तो धक्का लपवला नाही. दहावीतल्या मुलाला बसतो तोही धक्का तोच आहे.

आयनांच्या शोधाचा इतिहास मला म्हणूनच उलट्या पावलांचा वाटतो. मायकेल फॅरेडे द्रावणांतून वीज सोडून पाहत होता. वीज चालू असताना काहीतरी द्रावणात बुडवलेल्या एका पट्टीकडून दुसरीकडे जातं, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला नाव हवं होतं, म्हणून त्यानं केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या पंडिताला विचारलं आणि १८३४ साली ग्रीक भाषेतून ‘आयन’ हा शब्द आला. त्याचा अर्थ ‘जाणारा’. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून साठ-एक वर्षं होती, त्यामुळे जातंय ते काय आहे हे फॅरेडेला कळण्याची सोय नव्हती. त्याची समजूत अशी की वीज सोडली की आयन सुटे होतात. मग १८८४ साली स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश तरुणानं उप्साला विद्यापीठात प्रबंध सादर केला, आणि पुढच्या तीन वर्षांत आपलं म्हणणं पुरतं रोखठोक मांडलं: वीज असो वा नसो, मीठ पाण्यात गेलं की त्याचे आयन सुटेच असतात. प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली. पेटणारा सोडियम आणि विषारी क्लोरीन पाण्यात शेजारी शेजारी शांत पोहत असतील, हे कुणाला खरं वाटावं? त्याच कामासाठी अऱ्हेनियसला १९०३ साली नोबेल मिळालं. तरी त्यालाही वाटत होतं की मिठाचा रेणू असतो आणि तो पाण्यात फुटतो. ब्रॅग पितापुत्रांनी दाखवलं की फुटायला रेणूच नव्हता. कोरड्या खड्यातही तोच समुदाय होता, फक्त जागच्या जागी उभा.

हे चित्र एकदा पक्कं बसलं, की मिठाच्या बाकीच्या वागण्याचं कारण पाठ करावं लागत नाही. मीठ ८०१ अंशांना वितळतं, कारण एखाददुसरा दुवा सुटून भागत नाही, सगळीकडचं आकर्षण सैल व्हावं लागतं. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडचा प्रभार दुहेरी आणि आयन लहान, म्हणून ते थेट २८०० अंशांच्या वर, आणि म्हणूनच भट्ट्यांच्या अस्तराच्या विटांत ते वापरतात. कोरड्या मिठातून वीज जात नाही, कारण आयन आहेत पण हलत नाहीत. वितळलं किंवा विरघळलं की वाहतं. खडा खलबत्त्यात ठेचला तर तांब्याच्या पट्टीसारखा वाकत नाही, तडकतो. घाव बसून एक थर एका घरानं सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात, आणि आतापर्यंत धरून ठेवणारेच एकमेकांना ढकलून देतात. जाड्या मिठाचा तुटलेला तुकडा भिंगाखाली पाहा. तुटल्यावरही त्याच्या कडा काटकोनात असतात.

मग ८०१ अंशांशिवाय न हलणारा हा समुदाय गार पाण्यात चमचा फिरवताच कसा विखुरतो? पाण्याचा रेणू एकूण उदासीन असला, तरी त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन असते. सोडियमभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजन आत करून गोळा होतात, क्लोराइडभोवती हायड्रोजन आत करून. या वेढ्यामुळे दोन आयनांमधली ओढ हवेतल्यापेक्षा सुमारे ऐंशीव्या हिश्शावर येते. जालक मोडायला जेवढी ऊर्जा लागते, जवळपास तेवढीच पाण्याच्या वेढ्यातून परत मिळते. हिशेब इतका बरोबरीत सुटतो, की मीठ विरघळताना पाणी अगदी नकळत गार होतं. आणि म्हणूनच गरम पाण्यात मीठ काही फारसं जास्त विरघळत नाही: १०० ग्रॅम गार पाण्यात साधारण ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३९. साखरेचा किंवा तुरटीचा दाट पाक थंड करून खडे काढता येतात, मिठाचे तसे काढता येत नाहीत. पाणी आटवणं हाच मार्ग, आणि म्हणून मिठागराला थंडी नव्हे, ऊन आणि वारा लागतो.

त्या ढिगाकडे परत येऊ. कडू पाणी कितीही निथळू दिलं तरी खड्यांच्या फटींत थोडं मॅग्नेशियम राहतंच. मॅग्नेशियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा लहान आणि त्याच्यावर प्रभार दुप्पट, त्यामुळे पाण्याला धरून ठेवण्याची त्याची ताकद सोडियमच्या चौपटीहून जास्त. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर जाईपर्यंत कोरडं राहतं. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं. कोकणात आषाढ-श्रावणात शुद्ध मिठाचीही धडगत नसते, मग जाड्या मिठाचं काय सांगावं. आमच्या घरी ते चिनीमातीच्या बरणीत असे, आणि नागपंचमीच्या सुमाराला बरणीच्या तळाशी दोन बोटं पाणी साठलेलं असे. आजी बरणी तिरकी करून ते ओतून टाकी आणि मीठ तव्यावर परतून पुन्हा भरी. एकदा ओतण्याआधी मी त्यात बोट बुडवून चाटलं होतं. खारट लागायच्या आधी ते कडू लागलं.